शटर ओढण्याआधी

सुरू करायला सगळे हौशी असतात. नारळ फोडायला, फीत कापायला, पेढे खायला माणसं कमी पडत नाहीत. बंद करायची वेळ आली की मात्र प्रत्येकाला नेमकं दुसरीकडे काम निघतं. नोकरी सोडताना बघा. जॉइनिंगच्या दिवशी एचआर हसून फुलं देते. शेवटच्या दिवशी आयडी कार्ड कुणाच्या हातात द्यायचं हे सांगायलाही कुणी जागेवर नसतं.

बंद करणं हेही एक काम असतं आणि ते सुरू करण्यापेक्षा अवघड असतं, हे मला २०२३ मध्ये कळलं. एकाच महिन्यात दोनदा कळलं. एकदा हिंजवडीत, एकदा कोल्हापुरात. आणि दोन्हीकडे घोळ माझाच होता.

आधी ओळख करून देते. मी आयटीत आहे. पण वेबसाइट नाही, अ‍ॅप नाही. मी ड्रायव्हर लिहिते. हे सांगितलं की रिक्षावाल्या काकांपासून लग्नातल्या मावशींपर्यंत सगळ्यांचा एकच प्रश्न येतो, ‘कुठली गाडी?’ त्यात मी पडले कोल्हापूरची. घरच्यांशी फोनवर ‘येतो, जातो, करतो’ असंच बोलते. क्युबिकलमधल्या पुणेकर मैत्रिणी अजून फिदीफिदी हसतात.

तर ड्रायव्हर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम आणि यंत्र यांच्यामधला दुभाषा. माझ्या वाट्याला नेटवर्क कार्डं आली. तुम्ही ऑफिसात बसून मेल उघडता, तेव्हा तो मेल लहान लहान पॅकेट्स होऊन कार्डात येतो. कार्ड ती पॅकेट्स स्वतःच मेमरीत नेऊन ठेवतं, प्रोसेसरला विचारत बसत नाही. याला डीएमए म्हणतात. ठेवून झालं की कार्ड बेल वाजवतं, ती इंटरप्ट. बेल ऐकून कर्नलचा माणूस येतो आणि साठलेली पॅकेट्स एका फेरीत उचलून नेतो. लिनक्समध्ये या फेरीच्या पद्धतीला नॅपी म्हणतात. शिवाय कार्ड अडकलंय का हे बघायला एक टायमर अधूनमधून जागा होतो आणि अडकलं असेल तर ते रिसेट करायचं काम रांगेत लावतो.

हे सगळं एकाच वेळी चालतं. आजच्या साध्या मोबाइलमध्येही चार-आठ कोअर असतात. एक कोअर पॅकेट उचलतोय, दुसरा टायमर बघतोय, तिसऱ्यावर कुणीतरी ‘कार्ड बंद करा’ म्हणून हुकूम सोडतोय. माझी झोप उडवली ती या तिसऱ्यानं.

आमच्या कंपनीचा एक बॉक्स होता, ऑफिसांच्या सर्व्हर रूममध्ये भिंतीला लावतात तसला. रात्री अपडेट आला की तो कार्ड बंद करायचा, नवा ड्रायव्हर चढवायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. शेकडो वेळा नीट व्हायचं. मग एखाद्या रात्री बॉक्स आडवा. सकाळी क्लायंटचं ऑफिस बिननेटचं आणि माझा फोन लाल.

मजा म्हणजे प्रत्येक वेळी क्रॅश वेगळ्याच ठिकाणी दिसायचा. कधी फाइल सिस्टिममध्ये, कधी यूएसबीत. माझ्या ड्रायव्हरचं नावसुद्धा नसायचं. मी आठवडाभर तोऱ्यात मीटिंगमध्ये सांगत होते, ‘आमचा प्रॉब्लेम नाही.’ टेबलावर बॉक्स ठेवून बघितलं, काही नाही. शंका आली म्हणून कोडमध्ये प्रिंटच्या ओळी टाकल्या, तर क्रॅश पूर्णच गायब. ओळी काढल्या, दोन दिवसांनी परत हजर. भुतानं झपाटलंय असं वाटायला लागलं.

आमच्या धंद्यात याला रेस कंडिशन म्हणतात. दोघं एकाच गोष्टीकडे धावतात, आधी कोण पोचतं यावर निकाल ठरतो. हजार वेळा बरोबर माणूस आधी पोचतो म्हणून आपण निवांत असतो. प्रिंटची ओळ टाकली की एकाचा वेग किंचित कमी होतो आणि शर्यतच बदलते, म्हणून भूत पळून जातं. आणि हे फक्त बॉक्स आडवा पडण्यापुरतं नसतं. १४ ऑगस्ट २००३ ला अमेरिका आणि कॅनडात सुमारे ५ कोटी लोक अंधारात गेले. त्या दिवशी ओहायोतल्या वीज कंपनीच्या कंट्रोल रूममधली अलार्म यंत्रणा अशाच एका रेसमुळे गप्प झाली होती. लाइनी एकेक करून जात होत्या आणि ऑपरेटरसमोरचा स्क्रीन सगळं ठीक असल्यासारखा शांत होता. तो बग सापडायला कित्येक आठवडे कोड चाळावा लागला.

या गोंधळातच घरून फोन आला. आप्पांचा.

आप्पांचा शिवाजी उद्यमनगरात कारखाना. कारखाना म्हणजे धुराडं वगैरे डोळ्यासमोर आणू नका. कोल्हापुरात पत्र्याच्या शेडमध्ये दोन लेथ आणि एक ड्रिलिंग मशीन असलं तरी त्याला कारखाना म्हणतात. शिरोलीच्या फाउंड्रीतून आलेलं बिडाचं कास्टिंग टर्न करायचं, पंपाचे बुश, इंजिनाचे शाफ्ट, उसाच्या चरकाची दुरुस्ती. १९८६ पासून. माझं शिक्षण त्या लेथवरच झालं. लहानपणी लोखंडाचा निळा-जांभळा गुंडाळलेला चुरा मी दागिने म्हणून गोळा करायची.

आता आप्पांना डोळ्यांचा त्रास सुरू झालेला. मायक्रोमीटरवरची रेघ दिसेना. डॉक्टर म्हणाले, पुरे. दोन वर्षं मी मागे लागले होते, त्या दिवशी ते स्वतःच म्हणाले, ‘बंद करूया म्हंतो.’

मी काय केलं असेल? आयटीवाली ना. एक्सेल शीट केलं. जुन्या मशीन घेणारा व्यापारी नेटवर शोधला, फोनवर भाव ठरवला, शनिवार नक्की केला. आप्पांना विचारलं, ‘शुक्रवारपर्यंत हातातलं काम होईल ना?’ ते म्हणाले, ‘हुईल की.’ माझ्या शीटमध्ये हिरवा टिक पडला. वाटलं, काय ते दोन वर्षं घोळ घालत होते, मी दोन फोनमध्ये विषय संपवला.

शुक्रवारी रात्री स्वारगेटहून गाडी पकडली, लॅपटॉपमध्ये क्रॅशचे लॉग घेऊन. शनिवारी सकाळी चहा पिऊन कारखान्यावर गेले, तर व्यापाऱ्याचा टेम्पो आधीच दारात. त्याचे दोन पोरगे आत शिरलेले. आणि आत मोठा लेथ चालू!

झालं होतं असं. गुरुवारी पन्हाळ्याकडचा एक गुऱ्हाळवाला आला होता. वीस वर्षांचं गिऱ्हाईक. त्याच्या चरकाचा शाफ्ट तुटला होता, आणि दसऱ्याला गुऱ्हाळ पेटवायचं होतं. आप्पांनी नाही म्हटलं नाही. आप्पा कधीच नाही म्हणत नाहीत. शाफ्ट चकात चढवला आणि शनिवारी सकाळी मामा, म्हणजे आमचे जुने टर्नर, शेवटचा हात मारत होते. मला कुणी सांगितलं नाही, कारण मी विचारलं नव्हतं. मी विचारलं होतं ‘शुक्रवारपर्यंत होईल ना?’ ‘आता आत काय चालू आहे?’ असं विचारलंच नव्हतं.

व्यापाऱ्याच्या पोराला कुणीतरी, म्हणजे मीच फोनवर, सांगितलेलं की सगळं बंद आहे, जाऊन सोडवायला लागा. त्यानं आत शिरून भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला.

लेथ कामात असताना वीज गेली तर काय होतं हे ज्यानं ऐकलंय तो तो आवाज विसरत नाही. फिरता जॉब जागच्या जागी थबकतो, पण टूल आत रुतलेलं असतं. कर्र करून टिप तुटली, एक तुकडा मामांच्या मनगटाला चाटून गेला आणि शाफ्टवर, नेमका बेअरिंग बसतं तिथं, खोल चरा पडला. मापाला आलेला शाफ्ट. आता त्याच्यावरून आणखी हात फिरवला तर तो मापाच्या खाली जाणार. म्हणजे भंगार.

मामांच्या मनगटावरून रक्ताची बारीक रेघ निघाली. मला दरदरून घाम फुटला. आप्पा आधी मामांकडे धावले, रुमाल बांधला, हात हलवून बघितला. मग माझ्याकडे वळले. मला वाटलं ओरडतील. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘जॉब चकात असताना मशीन इकत्यात व्हय, बाळ?’

हे वाक्य माझ्या कानात शिरलं आणि तिथंच, त्या शेडमध्ये, तेलाच्या वासात, मला माझा बग दिसला. शपथेवर सांगते.

माझ्या ड्रायव्हरमध्ये कार्ड बंद करायचं फंक्शन मीच लिहिलं होतं. त्यात मी आधी पॅकेट्स ठेवायची मेमरी परत करून टाकत होते आणि त्यानंतरच्या ओळीत कार्डाला सांगत होते, ‘थांब.’ दोन ओळींमध्ये असा किती वेळ जातो? सेकंदाचा लाखावा भाग. पण तेवढ्यात एखादं पॅकेट आलं तर कार्ड ते नेहमीच्या जागी ठेवून मोकळं व्हायचं. ती जागा आता आपली नाही हे त्याला कुणी सांगितलेलंच नसायचं. कर्नलनं ती मेमरी तोवर दुसऱ्या कुणाला दिलेली. कधी फाइल सिस्टिमला, कधी यूएसबीला. म्हणून क्रॅश दुसऱ्यांच्या घरात दिसायचा आणि मी मीटिंगमध्ये हात वर करायची. जॉब चकात होता. मशीन मी विकून बसले होते.

आप्पांनी व्यापाऱ्याला हात जोडून परत पाठवलं. शेजारच्या कारखान्यातून नवं बार आणलं आणि रात्री ते स्वतः लेथवर उभे राहिले. मामांना घरी धाडलं. माप वाचायला मी. ‘किती?’ म्हणून विचारायचे, मी मायक्रोमीटर बघून सांगायची. अशी आमची जोडी पहाटेपर्यंत. मध्ये मध्ये मी लॅपटॉप उघडून बसत होते. आप्पांनी विचारलं, ‘तुजं काय चाललंय?’ म्हटलं, ‘तुमच्यासारखंच. बंद करायचं शिकतोय.’

मग त्यांनी मला बंद करायचा क्रम सांगितला. त्यांच्या भाषेत, लेथ चालवता चालवता. ‘आदी दार लावायचं. नवा जॉब घ्यायचा न्हाई. मग आत हाय ते हुस्तवर थांबायचं. मग मान्सांचा हिशोब. मग वीज. मशीन सगळ्यात शेवट.’

गंमत बघा, हे जसंच्या तसं ड्रायव्हरचं शास्त्र आहे. मी ते इंजिनिअरिंगच्या पुस्तकात वाचलंही असेन, पण डोक्यात शिरलं नव्हतं.

पहिलं, दार. वरच्या थराला सांगायचं की आता पाठवायची पॅकेट्स इकडे देऊ नका, आणि सिस्टिमच्या यादीतून या कार्डाचं नाव काढायचं. इथे एक बारीक गोष्ट असते. दार नुसतं लावून चालत नाही. जो येईल त्याला ‘हे आता इथे नाही’ असं लगेच स्पष्ट उत्तर द्यायचं. नाहीतर तो बाहेर ताटकळत बसतो आणि तुमच्यामुळे तिसऱ्याचं काम अडतं.

दुसरं, खुद्द यंत्राला थांबवायचं. कार्डाला सांगायचं, बेल वाजवू नकोस आणि मेमरीत हात घालू नकोस.

तिसरं, थांबायचं. सगळे इथेच चुकतात. बेल बंद केली म्हणजे बेल ऐकून आधीच आत आलेला माणूस बाहेर गेला असं होत नाही. तो दुसऱ्या कोअरवर अजून पॅकेट्स उचलत असतो. म्हणून लिनक्समधल्या अनेक फंक्शन्सच्या नावात ‘सिंक’ हा शब्द असतो. सिंक्रोनाइझ आयआरक्यू, कॅन्सल वर्क सिंक. नुसतं ‘बंद’ आणि ‘बंद-सिंक’ यात फरक तोच, जो ‘निघा आता’ म्हणणं आणि शेवटचा माणूस उंबरा ओलांडेपर्यंत दारात उभं राहणं यात आहे. नॅपी डिसेबल हे फंक्शनसुद्धा असंच दारात उभं राहतं.

चौथं, आणि अगदी शेवटचं, मेमरी परत.

हा क्रम पाठ करायची सोपी युक्ती आहे. उघडताना जे ज्या क्रमानं केलं, त्याच्या बरोबर उलट. दुकान उघडताना शटर आधी वर जातं, बंद करताना शेवटी खाली येतं.

एवढं समजलं म्हणजे सुटलो असं वाटेल. पण त्याच रात्री आणखी एक प्रकार घडला. मदतीला थांबलेल्या पोराला आप्पांनी कपाटातून नवं टूल आणायला पाठवलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आप्पा लेथपाशी चिडलेले, ‘आण की लवकर!’ पोरगा कपाटापाशी गप्प उभा. शेवटी मी जाऊन बघितलं. कपाटाला कुलूप, किल्ली आप्पांच्या खिशात. आप्पा पोराची वाट बघतायत, पोरगा किल्लीची. दोघंही बरोबर, काम ठप्प.

आमच्याकडे याला डेडलॉक म्हणतात, आणि थांबायचं शिकलेला प्रत्येक नवा ड्रायव्हरवाला हा खड्डा एकदा तरी खातो. लिनक्समध्ये नेटवर्क कार्डाची उघडझाप करताना एक मोठं सामाईक कुलूप हातात घ्यावं लागतं, आरटीएनएल त्याचं नाव. ते हातात धरून तुम्ही रिसेटचं काम संपायची वाट बघत बसलात आणि त्या कामालाच ते कुलूप हवं असेल, तर बसा सकाळपर्यंत. थांबायचं, पण ज्याच्यासाठी थांबलोय त्याची किल्ली आपल्याच खिशात नाही ना हे आधी चाचपून. ही चाचपणी आपोआप करणारं लॉकडेप नावाचं हत्यार लिनक्समध्ये २००६ मध्येच आलं. आप्पांच्या शेडमध्ये ते नव्हतं, मला उठावं लागलं.

शाफ्ट पहाटे पावणेपाचला उतरला. गुऱ्हाळवाला सकाळी आला, बोट फिरवून बघितलं, पैसे दिले आणि जाता जाता म्हणाला, ‘आप्पा, जोडीचा बुशबी झिजलाय बघा. उद्या आणतो.’

आप्पा म्हणाले, ‘आण.’

मी कपाळावर हात मारला.

पुढचे दहा दिवस हेच. मी वर्क फ्रॉम होम घेऊन कोल्हापुरातच थांबले होते. एक जॉब संपला की देताना दुसरा ठरायचा. बुश झाला, पंपाचं इंपेलर आलं. ते देताना शेजारच्याचा पुली. प्रत्येक जण म्हणायचा, ‘एवढंच शेवटचं.’ आप्पा रोज रात्री हातातलं काम पूर्ण करत होते, म्हणजे थांबायचा नियम अगदी काटेकोर पाळत होते. तरी कारखाना काही बंद होत नव्हता.

आणि काय सांगू, माझा ड्रायव्हरही होत नव्हता. मेमरीचा क्रम सुधारला, महिन्याचा क्रॅश बराच कमी झाला, पण संपला नाही. रात्रभर कार्ड उघड-बंद करणारी स्क्रिप्ट लावायची, समोरून पॅकेट्सचा मारा ठेवायचा, आणि पहाटे कधीतरी बॉक्स आडवा. पण या वेळी मी केएसॅन लावून ठेवलं होतं. परत केलेल्या मेमरीला कुणी हात लावला की जागच्या जागी पकडून नाव सांगणारं हे हत्यार, २०१५ पासून लिनक्समध्ये आहे. त्यानं चोर दाखवला. माझाच टायमर.

कसं, ते सांगते. टायमर जागा झाला की रिसेटचं काम रांगेत लावायचा. रिसेटचं काम संपता संपता टायमरला पुढच्या वेळेचा गजर लावायचं. बंद करताना मी आधी टायमर थांबवला, तो संपेपर्यंत वाट पाहिली, शाबास. मग काम थांबवलं, तेही संपेपर्यंत वाट पाहिली, शाबास. पण दोन्हींच्या मधल्या फटीत शेवटचं काम जाता जाता गजर लावून गेलं. ‘जोडीचा बुश उद्या आणतो.’ आणि मी तोवर मेमरी परत केलेली. क्रम उलटा केला तर? आधी काम, मग टायमर? तरी तेच. शेवटचा टायमर जाता जाता काम लावून जातो. दोघं एकमेकांना जागं करणारे, त्यातल्या एकाला कितीही वेळा झोपवा.

हा त्रास काही माझ्या एकटीचा नव्हता. लिनक्सवाल्यांना तो अनेक वर्षं छळत होता. स्टीव्हन रॉस्टेड यांनी सुचवलेली आणि टायमरचं कोड सांभाळणाऱ्या थॉमस ग्लाइक्सनर यांनी तडीस नेलेली सोय फेब्रुवारी २०२३ च्या ६.२ आवृत्तीत आली, टायमर शटडाउन सिंक. ती जुन्या थांबवण्यापेक्षा एकच गोष्ट जास्त करते. टायमर थांबवते, चालू असेल तर संपू देते, आणि त्यानंतर कुणी कितीही गजर लावायला आलं तरी तो लागतच नाही. गुपचूप दुर्लक्ष. आधी टायमरला असं कायमचं बंद करायचं, मग निवांत कामाची वाट बघायची. साखळी एका ठिकाणी तोडली की पुरे.

आमच्या बॉक्समध्ये त्याआधीचा कर्नल होता. मग मी हातानं एक झेंडा ठेवला, ‘आता बंद होतंय’ असा. गजर लावण्याआधी प्रत्येकानं कुलूप घेऊन तो बघायचा. वर असेल तर मुकाट्यानं परत फिरायचं. कुलूप घेऊन बघायचा हे महत्त्वाचं. नाहीतर बघेपर्यंत झेंडा खाली, लावेपर्यंत वर, आणि नवी शर्यत सुरू.

त्या संध्याकाळी आप्पांना घेऊन गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर गेले. ताज्या धारेचा ग्लास हातात घेऊन आप्पा नेहमी मऊ होतात. म्हटलं, ‘आप्पा, तुम्ही थांबताय बरोबर. पण तुमचा गजर कुणीही लावून जातंय.’

आप्पा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘आगं, सदतीस वर्सं आलेली मान्सं. न्हाई कसं म्हनू? न्हाई म्हटलं तर त्येनी जायाचं कुठं?’

तेव्हा मला कळलं की ते हट्टानं चालू ठेवत नव्हते. त्यांना बंद करायचंच होतं. फक्त दारात आलेल्याला उत्तर काय द्यायचं हे त्यांना सापडत नव्हतं, आणि मी एक्सेलमध्ये मशीनचा भाव लिहिला होता, गिऱ्हाइकांचा रकाना केलाच नव्हता. मामांचाही नाही. मनगटावर पट्टी बांधून मामा रोज येत होते. हे बंद झाल्यावर त्यांचं काय, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं शेजारच्या कारखान्यात गेलो. मालक आप्पांच्याच हाताखाली शिकलेला. मामा त्याच्याकडे जाणार हे ठरलं, पगारासकट. गिऱ्हाइकंही त्याच्याकडे. मग आप्पांनी स्टुलावर चढून स्वतः पाटी उतरवली. तिच्या जागी एक कागद चिकटवला. ‘काम बंद झाले आहे. शेजारी चौकशी करावी.’ खडूनं बाण काढला. गुऱ्हाळवाला तिसरा बुश घेऊन आला, कागद वाचला, आप्पांना नमस्कार केला आणि बाणाच्या दिशेनं गेला. तिकडं मामा उभेच होते. एवढं सोपं होतं. पण ते बटण दाबण्याआधी मामांचा हिशोब व्हायला हवा होता.

खंडेनवमीला रिकाम्या लेथची पूजा झाली. चकात काही नव्हतं. आप्पांनी चकाला झेंडूची माळ घातली आणि मामांना कपडे केले. दसरा झाल्यावर तोच व्यापारी पुन्हा आला. या वेळी त्याच्या पोरांना आप्पांनी दारातच थांबवलं. स्वतः मेन स्विचपाशी गेले, दांड्यावर हात ठेवला आणि मोठ्यानं विचारलं, ‘आत कोन हाय का?’

कुणी नव्हतं. आम्ही सगळे बाहेरच उभे होतो. तरी त्यांनी आणखी एकदा विचारलं. थोडं थांबले. मग स्विच ओढला.

माझा ड्रायव्हर नोव्हेंबरात गेला. त्या जागी, वाट बघणाऱ्या ओळीच्या वर, मी कॉमेंट लिहिली आहे, ‘आत कोण आहे का?’ रिव्ह्यू करणाऱ्या दिल्लीच्या मुलानं अर्थ विचारला. सांगितला. म्हणाला, राहू दे.

लिनक्समध्ये एक जुना मेसेज आहे. कार्ड काढून टाकायचं असतं, पण कुणीतरी अजून त्याला धरून बसलेलं असतं. तेव्हा कर्नल जबरदस्ती करत नाही. दर दहा सेकंदांनी लॉगमध्ये लिहीत राहतो की अमुक कार्ड मोकळं व्हायची वाट बघतोय, युसेज काउंट इतका. आम्ही या मेसेजला खूप शिव्या घालतो. आता मी जरा कमी घालते.

आप्पा अजून रोज सकाळी नऊला उद्यमनगरात जातात. शेजारच्या कारखान्यात बसून मामांबरोबर चहा पितात, जॉबवर बोट फिरवून बघतात. सगळं विकलं, पण मायक्रोमीटर दिला नाही. रेघ दिसत नाही, तरी खिशात असतो. आई म्हणते, ‘सांग की त्यांना, आता पुरे म्हणून.’

मी सांगत नाही. युसेज काउंट एक आहे. थांबूया.